पौर्णिमेच्या संध्याकाळची गोळी

आजी जाऊन आता बराच काळ झाला, तरी समोरच्याने फोन उचलला नाही की मी पुन्हा पुन्हा लावत सुटते. ही खोड मला एका पौर्णिमेने लावली.

आम्ही भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या आतल्या गल्लीत राहायचो. आईबाबा परभणीकडे लग्नाला गेले होते. घरात मी आणि बाबांची आई, म्हणजे माझी आजी. तिला शुगर होती, सकाळ-संध्याकाळ गोळी. जाताना आईने मला दहादा बजावलं, गोळी चुकवू देऊ नकोस. आजी कसली चुकवतेय! नेमाची पक्की बाई ती. पौर्णिमेला तर विचारूच नका. पहाटे अंघोळ, पांढरं लुगडं, बुद्धविहारात जाऊन अष्टशील, म्हणजे त्या दिवसापुरते आठ नेम, घ्यायचं, आणि दुपारी बारानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही.

मी यावरून तिच्याशी भांडायचे. या वयात कशाला हवंय हे? एकदा तिने मला समोर बसवून सांगितलं. दुष्काळात ती खडी फोडायला जायची, आणि तरी चूल पेटायची नाही असे दिवस जायचे. "तवा उपाशी ठेवणारं दुसरंच कुणी व्हतं," ती म्हणाली. "आता समोर भाकर हाय, अन् मी म्हणते न्हाई खायाची. माझ्या मर्जीनं."

त्या पौर्णिमेला मी हाटकेश भागात कामावर होते, एका छोट्या कारखान्याचे हिशेब बघते मी. संध्याकाळी घरी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा. शेजारच्या गुजराती काकींना लावला, तर त्या म्हणाल्या, बेल बजायी बेटा, माँजी दरवाजा नहीं खोल रही. मी तशीच रिक्षात बसले. रिक्षावाल्याला भैया जल्दी, भैया जल्दी करून त्या बिचाऱ्याचं डोकं खाल्लं. डोळ्यांसमोर नको नको ते यायला लागलं. मनातल्या मनात आजीचे पाय धरले, म्हटलं आज नको, मी घरात एकटी आहे गं.

घाईत मी दाराला चुकीचीच किल्ली फिरवत राहिले. शेवटी काकींनी जुडगा माझ्याकडून घेऊन दार उघडलं.

आजी वंदनेच्या चटईवर भिंतीला टेकून बसली होती. लुगडं घामाने अंगाला चिकटलेलं. डोळे उघडे. मला वाटलं, सुटले बाई. तेवढ्यात तिने माझ्याकडे बघून विचारलं, "कोण गं तू? कुणाची पोर?"

आयुष्यात मी तितकी कधी घाबरले नाही. तिच्या अंगाखांद्यावर वाढले मी, आणि ती माझ्याकडे परक्या पोरीकडे बघावं तशी बघत होती.

गल्लीतल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, शुगर उतरलीय, आत्ताच्या आत्ता साखर द्या, मी निघालोच. काकी साखर घेऊन धावल्या. मी चमचा तोंडाशी नेला, तर आजीने दात घट्ट मिटले. जड जिभेने म्हणाली, बारा वाजून गेले. नाव विसरली, नात विसरली, पण शील विसरली नाही! मला तिचा इतका राग आला, आणि तितकीच भीतीही वाटत होती. डॉक्टर फोनवर सांगत होते, पाणी ओतू नका, श्वासात जाईल, साखर गालाच्या आतून चोळा. मी बोट घातलं. ती चावली. चांगलीच चावली. मी बोट काढलं नाही. चाव, तोड बोट, पण गीळ म्हातारे, असं काहीबाही बडबडत, रडत चोळत राहिले. मागे काकी त्यांच्या देवाचं नाव घेत होत्या.

किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू तिचा जबडा सैल पडला. मग म्हणाली, लेकरा, काहून रडायलीस?

डॉक्टर आले, सलाईन लागलं, तेव्हा उलगडा झाला. दर पौर्णिमेला संध्याकाळची गोळी आई तिच्या डबीतून काढून घ्यायची, कारण उपाशीपोटी ती घेतली तर शुगर फार उतरते. लग्नाच्या गडबडीत ते मला सांगायचं राहून गेलं. आणि आजीचा हिशोब सरळ होता. बारानंतर अन्न चालत नाही, औषध चालतं. म्हणून तिने गोळी वेळेवर घेतली आणि अन्नाला शिवली नाही. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आता हे उपास बंद, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

आजीला ते सांगायची घरात कुणाची टाप नव्हती. आईबाबा परतले, तेही एकमेकांवर ढकलत राहिले. मी तर पार भित्री झाले. ती दुपारी झोपली की नाकाशी बोट धरायचे. ती एक डोळा उघडून म्हणायची, हाय अजून, जा. कामावरून सारखा फोन करायचे. जिती हाय, एवढं बोलून ती फोन ठेवायची.

पुढच्या पौर्णिमेला मी रजा टाकली. आजी पांढरं लुगडं नेसून विहारात गेली, शील घेऊन आली. बारा वाजून गेले. मी ग्लुकोजचं पाकीट मुठीत घेऊन तिच्यासमोर बसून होते. तिला घाम आला का, बोलताना अडखळली का, एवढंच बघत.

दिवेलागणीला आजी उठली. स्वयंपाकघरातून भाकरी आणि पिठलं वाढून आणलं आणि माझ्यासमोर चटईवर बसली.

"शील मोडलं तर पुन्हा घेता येतंय," ती म्हणाली. "तुझं भ्यालेलं त्वांड मला बघवंना."

एकेक घास ती पाण्याच्या घोटाने खाली ढकलत होती, मला दिसत होतं. तरी तिने ताट संपवलं.