दोनदा धुतलेली कढई

आई जाऊन अकरा दिवस झाले होते. घरचा बिनफोडणीचा वरणभात घशाखाली उतरत नव्हता. तेरवीचं सामान घ्यायला चंद्रपूरला आलो आणि फूड कोर्टमधल्या स्वस्त चायनीजच्या स्टॉलसमोर चोरासारखा बसलो. सुतकात बाहेरचं खाऊ नये, हे मला ठाऊक होतं.

स्टॉलवाल्याचं नाव मी विचारलं नाही. पन्नाशीचा माणूस, मनगटांवर भाजल्याचे डाग. बोलतानाही त्याची कढई हलत होती. माझं मुंडण पाहून मात्र हात थांबला.

"तेरवी झाली का, भाऊ?"

"परवा आहे," म्हणत मी उठू लागलो.

"बसा ना. अंडं, लसूण नाई टाकत."

त्यानं चिकनवाल्या गिऱ्हाइकाला थांबवून कढई दोनदा धुतली.

"पूजा मांडून राह्यला का बे?" गिऱ्हाईक ओरडलं.

"हो. थांब जरासा."

नुसता कोबी-गाजर घालून परतलेला भात त्यानं माझ्यापुढे ठेवला. "चायनीज नावालेच हाय, भाऊ. तांदूळ आपल्या मूल तालुक्यातलाच."

घरात नियम सांगणारे पुष्कळ होते. नियम सांभाळून जेवू घालणारा हा पहिलाच भेटला. आई गेल्यापासून त्या दिवशी मी प्रथमच आणखी भात मागून घेतला.