सोळाची एक की आठाच्या दोन

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. माहेरी तोंडावर म्हणायचे. सासरी कुणी म्हणत नाही, पण सगळे समजून असतात.

वडीगोद्रीहून जालन्याला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी चार वर्षं रोज जाऊन-येऊन काम केलं. घरांचे, दुकानांचे नकाशे काढायचं काम. दुसऱ्या बाळंतपणानंतर ते जमेना, सोडलं, आणि दीड वर्ष घरी बसले. मग एक दिवस साहेबांचाच फोन आला. "घरून काम कराल का? एका शाळेच्या इमारतीचं काम आहे, थ्रीडीसकट. येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी मिळालं तर यापुढचं सगळं तुमच्याकडं देतो. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

मी लगेच हो म्हणाले. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ती फाइल उघडायची नाही हे मला माहीत होतं, तरी म्हणाले. दीड वर्षानं कुणी मला कामासाठी फोन केला होता. हे काम मला हवंच होतं, त्यात लपवायचं काय?

तयार कॉम्प्युटर आमच्या आवाक्याबाहेर होता. म्हणून ठरवलं, सुटे भाग आणायचे आणि घरीच जोडायचा. नवरा म्हणाला, "तुला जमंल?" त्याचं हायवेवर मोटारसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. दिवसभर पोरंसोरं तिथं इंजिनं खोलून बसतात आणि त्यांना कुणी असं विचारत नाही. मी त्याला तसं सुनावलं. 

बाकीचे भाग दोन दिवसांत ठरले. अडलं ते मेमरीपाशी. मी घेतलेल्या मदरबोर्डावर मेमरीच्या पट्ट्यांसाठी दोनच खाचा होत्या. सोळा जीबी तर लागणारच होती. पण सोळाची एक पट्टी घ्यायची की आठाच्या दोन? एक घेतली तर दुसरी खाच रिकामी राहते, पुढं कधी वाढवता येते. दोन घेतल्या तर काम जास्त पळतं म्हणतात, पण खाचा भरल्या, पुढची वाट बंद. मी इतके व्हिडिओ बघितले की डोकं भणभणायला लागलं. प्रत्येक जण दुसऱ्याला येडा ठरवत होता.

घरात ज्याला त्याला मत होतं. नवरा म्हणाला, "दोन घे. एक गेली तर एक स्पेअरमधी राहील. अन् जल्दी ठरव, भाव रोज वाढून राह्यले." आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्या मेंढरांच्या घरातल्या. लहानपण सगळं कळपामागं गेलेलं, शाळेचं तोंड बघितलेलं नाही. त्या म्हणाल्या, "आगं, एकलं कोकरू आणलं की ते चारा खात न्हाई. जोडीनं आणावं." मी म्हणाले, "आत्याबाई, हे कोकरू नाही हो." "मंग काय हाय?" त्यांनी विचारलं. मला धड सांगता आलं नाही आणि त्याचाही राग आला.

गुरुवारी जालन्याला दुकानात गेले. दुकानदार माझ्याच वयाचा, तोंडाळ. त्यानं सरळ विचारलं, "ताई, ग्राफिक्स कार्ड वेगळं घेणार का?" नाही म्हटलं. "मग आठाच्या दोनच घ्या. कार्ड नसलं की प्रोसेसर चित्राचं काम पण ह्याच मेमरीतून उचलतो. दोन पट्ट्या असल्या की त्याला दोन्ही हातांनी घेता येतं. थ्रीडी करणार म्हणता, तर बिलकुल दोनच." झालं. मी एवढे दिवस डोकं फोडलं आणि आत्याबाईंचंच खरं ठरलं. घरी येऊन मी ते त्यांना सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी पलंगावर स्वच्छ चादर टाकून सगळे भाग मांडले. मेमरीच्या पट्ट्या प्लॅस्टिकमधून काढून सगळ्यांना दाखवल्या. तळाला सोनेरी दातांची ओळ होती, ती बघून आत्याबाई म्हणाल्या, "सोन्याचं हाय का?" मुलामा असतो म्हटलं. तेवढ्यात मोठीला शाळेच्या गाडीवर सोडायची वेळ झाली. येऊन बघते तर डब्यावर, म्हणजे कॅबिनेटवर, हळदीकुंकवाची पाच बोटं आणि वर दोन फुलं. नवीन गाडी आली, मिक्सर आला, दुकानात हवा भरायचं मशीन आलं, तरी आमच्या घरी हे होतंच. पण माझं डोकं सणकलं. "एवढं बास आत्याबाई! आता कशालाही हात लावायचा नाही. पाणी गेलं आत तर सगळं मातीत जाईल." त्या काहीतरी बोलणार होत्या. मी ऐकून घेतलं नाही. त्या ताट उचलून आत गेल्या.

दुपारपर्यंत सगळं बसवलं. व्हिडिओ थांबवत थांबवत, एकेक स्क्रू. पट्ट्या खाचेत टक्क करून बसल्या. बटण दाबलं, पंखे फिरले आणि पडदा काळाच. बोर्डावर मेमरीजवळचा लाल दिवा पेटला, तो विझेना. काढून घातल्या. अदलाबदल केली. एकेक लावून बघितली. लाल दिवा तसाच. संध्याकाळी मी दुकानदाराला फोन करून वाट्टेल ते बोलले. फसवलं, जुना माल गळ्यात मारला, काय काय. तो म्हणाला, "ताई, पट्ट्या घेऊन या. आधी बघू, मग शिव्या द्या."

शनिवारी सकाळच्या एसटीनं गेले. त्यानं पट्टी उजेडाकडं धरली, भिंगातून बघितली, मग चक्क नाकाला लावली आणि हसायला लागला. "ताई, पूजा झाली वाटतं?" सोनेरी दातांच्या फटीत पिवळं-लाल वाळलेलं होतं. पदरानं पुसल्यासारखं, पण फटीत राहिलेलं. दुसऱ्या पट्टीचंही तेच. दुकानात आणखी दोघं-तिघं होते, तेही हसले.

त्यांचं हसणं चालूच होतं, तरी मी तिथंच उभी राहून घरी फोन लावला. नवऱ्यानं उचलला, म्हटलं आत्याबाईंना दे. "तुम्ही त्या पट्ट्यांना हळदीकुंकू लावलं का?"  पलीकडून बारीक आवाजात, "सोन्याला लावलं. सांगणार व्हते, तू खेकसलीस. मंग पुसून ठिवलं." मी म्हणाले, "तुमच्यामुळं माझं काम हातातून चाललंय, कळतंय का? दीड वर्षानं आलेलं काम! तुम्हाला अक्कल..." एवढं तोंडातून गेलं. पुढचं गिळलं. पण गेलं ते गेलंच. त्यांनी फोन खाली ठेवला नाही, नुसत्या ऐकत राहिल्या. शेवटी मीच कट केला.

दुकानदार आता हसत नव्हता. त्यानं शाळेतल्या पोरांचा साधा खोडरबर घेतला, दातांवरून हलक्या हातानं घासला, ब्रशनं झाडलं आणि पट्ट्या त्याच्या मशीनला लावल्या. चालू. पाच मिनिटं सुद्धा लागली नाहीत. "घरी बोर्डाच्या खाचा पण कोरड्या ब्रशनं झाडा," तो म्हणाला. आदल्या दिवशी त्याला जे बोलले त्याची माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

घरी आले, खाचा झाडल्या, पट्ट्या बसवल्या, बटण दाबलं. पडदा उजळला. मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू. आत्याबाई दाराशी आल्या, बघितलं आणि मागं फिरल्या. मी हाक मारली नाही. अजून घुश्शातच होते.

पण दीड दिवस वाया गेलेला होता. सगळं सॉफ्टवेअर घालायचं, मग नकाशा. सोमवार काही गाठता येणार नव्हता. रविवारी सकाळी साहेबांचा आपण होऊन मेसेज आला, "बुधवारपर्यंत दिलंत तरी चालेल." मी नवऱ्याला ऐटीत दाखवला. म्हटलं, बघ, कामाची किंमत असते माणसाला. तो "हं" म्हणाला आणि दुकानाची किल्ली शोधायला लागला.

मंगळवारीच नकाशा पाठवला. इमारत पडद्यावर गरागरा फिरत होती, कुठं अडकली नाही. दुपारी साहेबांचा फोन आला. काम पसंत होतं, पुढची दोन कामं पाठवत होते. मग म्हणाले, "आणि सासूबाईंना सांगा, मी शब्द पाळला."

मला काही कळेना. ते म्हणाले, "शनिवारी फोन आला होता त्यांचा. म्हणाल्या, मशीन माझ्या हातानं बिघडलं, पोरीची काही चूक नाही, दोन दिवस वाढवून द्या. आणि म्हणाल्या, तिचं काम काढू नका सायेब, काम नसलं की ती घरात कुणाशी बोलत न्हाई." साहेब हसले. "फार घाबरल्या होत्या हो. तीनदा नमस्कार म्हणाल्या."

मी नवऱ्याला दुकानात फोन केला. तो म्हणाला, "मीच लावून दिला नंबर. तुझा फोन झाला अन् लगेच लावायला लावला. तुला सांगू न्हाई म्हणली."

आत्याबाईंनी मुलाच्या आणि लेकीच्या पलीकडं कधी कुणाला फोन केलेला नाही. तलाठी दारात आला तरी त्या आत जातात.

त्या ओसरीत मेथी निवडत होत्या. मी समोर जाऊन बसले. थोडी मेथी ओढून घेतली, दोन काड्या निवडल्या आणि म्हणाले, "आत्याबाई, माझं चुकलं. नको ते बोलले मी."

त्यांनी वर बघितलं नाही. "मशीन बंद पडलं, तर तू बोलणारच," त्या म्हणाल्या. "घरात बोल. लई बोल. पर त्या दुकानात लोकं ऐकत व्हते ना गं? मला त्यांचं हसणं ऐकू येत व्हतं."

मला वाटलं होतं, फोनमधून ते ऐकू गेलं नसेल.