मधली पात

बातमी आली तेव्हा निंदणातली माझी पात अर्धी राहिली होती. ती मी पुरी केली, खुरपं धुतलं आणि मग यवतमाळची गाडी धरली. गावात त्याबद्दल मला नावं ठेवली गेली, अजूनही ठेवतात. भावाची तरणी लेक गेली आणि ही बाई गवत काढत बसली. खरं आहे, बसले. फोन कमलाच्या मोबाइलवर आला होता, माझ्याजवळ फोन नसतो. कमला आमच्या निंदणाच्या टोळीतली, माझ्याच वयाची. पलीकडून माझा भाऊ एवढंच बोलला, "बाईले सांग, अशू गेली." कमलाने ते मला सांगितलं आणि ती तिथेच ओल्या मातीत बसकण मारून रडायला लागली. माझ्या धावण्याने आता काय वेगळं होणार होतं... मी खाली वाकले. आदल्या दिवशी सकाळी मी दवाखान्यातच होते. ताप उतरल्यासारखा वाटत होता, अशू बोलत होती. मला म्हणाली, "जा आत्या, इथं बसून काय करतं? तुई पात जाईन." म्हणजे जागा दुसरीला जाईल. म्हणून मी परत आले. तिचं माझं शेवटचं बोलणं हे. त्यात काही खास नाही, पण दुसरं कुठून आणू?

अशू म्हणजे अश्विनी, माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भावाचं गाव आडमार्गाला, बसचा भरवसा नाही, म्हणून ती कॉलेजसाठी राळेगावला माझ्याकडे राहायची. मला नवरा राहिला नाही, मूल झालं नाही, त्यामुळे घरात जागा होती. तिला सिकलसेल होता. हा आजार आमच्या भागात पुष्कळ घरांत आहे. आईबापाच्या रक्तातून येतो आणि अंगातच राहतो. हाडं दुखायला लागली की ती पोटाशी गुडघे घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि कोणी हात लावला तर चिडायची. उन्हात फिरायचं नाही, थंडीत भिजायचं नाही, पाणी पीत राहायचं, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं. यातलं तिने अर्धंच ऐकलं. मेल्यावर माणूस गोड होतो, तसं मी तिला करणार नाही. ती तोंडाळ होती, कपडे वाळत घालायला विसरायची, आणि शेव-मुरमुरे खाऊन भाकर खाल्ली म्हणून सांगायची. पण डोकं तेज होतं. समोरचा काय बोलत नाही ते तिला आधी कळायचं.

यंदा तिचं बी.ए.चं शेवटचं वर्ष, विषय समाजशास्त्र. या वर्षी प्रत्येकाने एक संशोधन प्रकल्प करायचा असतो, म्हणजे आपल्या मनाने एक विषय निवडायचा, लोकांत जाऊन विचारपूस करायची आणि लिहून द्यायचं. 'आपल्या मनाने' हे तिने मला दोनदा सांगितलं होतं, त्यावरूनच मला शंका आली होती. एका संध्याकाळी ती घरी आली, पिशवी खाटेवर फेकली आणि म्हणाली, "आत्या, मी विषय आहो काय वो?"

"काय झालं?"

"सर म्हणते तू सिकलसेलच घे. तुले कुठं जा लागत नाई, विषय घरातच हाय. साऱ्या वर्गासमोर म्हणाले. पोट्टे हासत होते, हिचं बरं हाय म्हणे, हिचा प्रकल्प रक्तातच हाय."

"मंग घे. पास होशीन."

"नाई घेत. पाहुणे आले की आजाराचं इचारते, शाळेत गेली तं मास्तर आजाराचं इचारे. आता परीक्षेतबी तेच लिहू काय?"

त्यानंतर तिने सरांकडे बरेच विषय नेले. बसस्टँडवर मुलींना जायला धड जागा नाही, त्यावर लिहिते म्हणाली. सर म्हणाले, "याला अभ्यास म्हणत नाहीत, तक्रार म्हणतात." मग बाजारात भाजी विकणाऱ्या बाया. तो विषय मागच्या वर्षी झालेला होता. मग, गावातल्या मुली मोबाइलवर आपल्या चेहऱ्याऐवजी गुलाबाचा फोटो का ठेवतात. त्यावर सर हसले आणि थिल्लरपणा बंद कर म्हणाले. सर काही वाईट माणूस नाहीत, मी त्यांना भेटले आहे. त्यांना वाटत होतं की मुलीला सोपं जाईल आणि कॉलेजचंही नाव होईल. प्रत्येक वेळी गोष्ट फिरून सिकलसेलवर यायची. अशू अंगणात बसून बडबडायची, "ह्या जिल्ह्यात येवढे लोकं राह्यते, अन् मले एक विषय भेटून नाई राह्यला."

श्रावणात कॉलेजला दोन-चार सुट्ट्या लागून आल्या तेव्हा ती एक दिवस माझा डबा घेऊन शेतात आली आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली बसली. आमचं पऱ्हाटीतलं, म्हणजे कपाशीतलं, निंदण चालू होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. निंदणाला बाया एका रांगेत बसतात. प्रत्येकीने आपल्या समोरच्या ओळी धरायच्या आणि गवत काढत पुढे सरकायचं, त्याला पात म्हणतात. एखादी मागे राहिली की रांग वाकडी होते आणि धुऱ्यावर उभ्या मालकिणीला ते लगेच दिसतं. दुसऱ्या दिवशी त्या बाईला बोलावणं येत नाही. आता तणनाशक फवारायला लागल्यापासून निंदण तसंही कमी झालं आहे, जिथे बोलावतात तिथे टिकून राहावं लागतं. म्हणून आमच्या टोळीत जी थकलेली असेल तिला मधात बसवतात आणि दोन बाजूंना हाताच्या चलाख बाया बसतात. त्यांनी आपली पात ओढता ओढता हात लांबवून मधलीतलं थोडं थोडं काढायचं. रांग सरळ राहते. हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही आणि याबद्दल कोणी बोलत नाही, न बोलणं हाही त्यातलाच भाग आहे. कमलाचे गुडघे गेल्यापासून मधली पात तिची.

अशूने हे धुऱ्यावरून पाहिलं. मालकिणीला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. घरी येताना म्हणाली, "आत्या, कमलामावशीचं अर्धं निंदण तूच करतं नाई? अन् तिकडून ती दुसरी." मी म्हटलं, गप्प चाल. ती गप्प बसणारी नव्हती. "आत्या, हाच माहा विषय! हे कुठंच लिहिलेलं नसन."

मी तिला तिथेच, रस्त्यावर, चांगलं सुनावलं. हे कागदावर गेलं, सरांनी वाचलं, कोणी छापलं, तर उद्या मालकीण काय करील? रांग बसायच्या आधी मधलीला उठवून घरी पाठवील. कमलाच्या घरात दुसरं कमावणारं माणूस नाही. तरी तिचं चालूच, नाव लिहिणार नाही, गाव लिहिणार नाही. तेव्हा मी म्हटलं, "तुले तुहा आजार लोकांयसमोर मांडाचा नाई, अन् कमलाचे गुडघे मांडतं काय?" ती थांबली. सायकलवाला घंटी वाजवत मागून आला, तरी बाजूला झाली नाही. मी तिला दंडाला धरून ओढलं.

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी उठून माझ्याआधी कमलाच्या दारात गेली आणि तिलाच विचारलं, लिहू की नको. कमला चूल पेटवत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माह्या गुडघ्यावर तू परीक्षा देशीन काय वं? दे. पण अगोदर पात धरून पाय. बसल्याबिगर तुले काय समजन?" मी नको म्हटलं, तिच्या बापाला काय सांगू म्हटलं. पण ऐकतील तर त्या दोघी कसल्या. आभाळ भरलेलं होतं, ऊन नव्हतं. मी तिच्या कमरेला पाण्याची बाटली बांधली आणि तिला रांगेत घेतली. मधात अशू, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कमला. मालकिणीला सांगितलं, भाची आहे, आज पाहुणी म्हणून आली.

पोरीला खुरपं धरता येत नव्हतं. गवताबरोबर पऱ्हाटीचं रोपटंही उपटलं, ते कमलाने पदराखाली झाकलं आणि म्हणाली, "असेच दोन-चार झाडं उपटशीन तं मालकीण प्रकल्प तुह्या हातात देईन." बाया हसल्या. मग थोड्या वेळाने अशू मागे पडायला लागली. मी माझा हात लांबवला. पलीकडून कमलाचाही आला. जी स्वतः मधात बसायची, जिला उठताना जमिनीवर दोन्ही हात टेकावे लागतात, ती आपली पात सोडून हिची ओढत होती. अशूने ते पाहिलं. दुपारच्या जेवणाला मी तिला घरी पाठवलं. जाताना बायांकडे न बघता गेली.

संध्याकाळी मी आले तर भाकरी करून ठेवलेल्या होत्या, जाड्या आणि करपलेल्या. म्हणाली, "नाई लिहीत. झाकलं हाय ते झाकलेलं राहू दे."

"मंग काय लिहिशीन?"

"सिकलसेल."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. हरल्यासारखं काही दिसत नव्हतं. तिने मला नीट समजावून सांगितलं. रक्ताचं, तपासणीचं, गोळ्यांचं ती लिहिणार नव्हती. घरात एक माणूस आजारी असलं की त्याच्या वाटचं काम कोण उचलतं आणि त्याबद्दल कोण बोलत नाही, एवढंच लिहिणार होती. सुरुवात स्वतःपासून करणार होती. कमलाला बाहेर ठेवायचं म्हणून ती स्वतः मधात जाऊन बसली, असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं. सर खूश झाले. म्हणाले, "मी पहिल्यापासून हेच सांगत होतो ना?" तिने हो म्हटलं. मला घरी येऊन म्हणाली, "समजू दे त्यायले तसंच."

पहिली विचारपूस तिने माझी केली. मी तांदूळ निवडत होते.

"मी पडून राह्यली की माह्या वाटचं पाणी कोण भरते?"

"मी."

"तुले राग येते?"

"येते."

"लिहू काय?"

"लिही."

ती इतकी हसली की तिला खोकला लागला. दुसरं कोणाला काही विचारायचं राहून गेलं. भादव्यात ताप आला, मग छातीत दुखायला लागलं, श्वास पुरेना. भाऊ-भावजय तिला यवतमाळला घेऊन गेले... पुढचं मी वर लिहिलं आहे. शेतात नेली म्हणून गेली, असं बोलणारे लोक आहेत. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, शेतातल्या त्या दिवसाला बरेच दिवस झाले होते, हे तापाने ओढवलं, या आजारात असं होतं. मी त्यांचं ऐकलं. भावजयीने ऐकलं नाही, ती माझ्याशी बोलत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

कॉलेजने शोकसभा ठेवली. भिंतीवर मोठा फलक होता. त्यावर ओळखपत्रावरचा तिचा फोटो आणि खाली जाड अक्षरात सिकलसेल जनजागृती. ज्यापासून ती आयुष्यभर पळाली, त्याच्याच वर तिला चिकटवलं होतं. सर मनापासून बोलले, ते खोटं नव्हतं. म्हणाले, माझ्या सांगण्यावरून तिने आपल्या दुखण्यालाच अभ्यासाचा विषय केला. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले. कसा केला आणि कोणासाठी केला ते सांगायला गेले असते तर कमलाचं नाव आलं असतं, आणि आमची मालकीण समोरून दुसऱ्याच रांगेत बसलेली होती. मी म्हटलं, "विषय तिने स्वतः निवडला होता," आणि खाली बसले. सरांनी मान डोलावली. त्यांना वाटलं मी त्यांचंच बोलले.

आता लिहिते आहे ते कमलाने सांगितलं म्हणून. ती म्हणाली, "पोरीनं माह्यासाठी तोंड शिवलं, आता तू कायले शिवतं?" कमला हे तिचं खरं नाव नाही, आणि शेत कोणतं ते मी सांगणार नाही. या जिल्ह्यात निंदणाच्या टोळ्या पुष्कळ आहेत, ज्याला शोधायचं त्याने शोधत बसावं.

तेरवी झाल्यावर मी कामावर गेले. निंदणाची शेवटची फेरी होती, गवत फार नव्हतं. बाया रांगेत बसायला लागल्या. कमलाने मधात बसायचं सोडून मला एका बाजूला बसवलं आणि स्वतः मधली पात रिकामी सोडून पलीकडे बसली. मेलेलं माणूस कुठे येऊन बसतं, असलं मी मानत नाही. पण मधल्या ओळी तशा सोडता येत नव्हत्या, म्हणून अर्ध्या मी ओढल्या, अर्ध्या तिने. दोघींना जड गेलं. कमला दर थोड्या वेळाने हात टेकून थांबत होती, आणि तिच्या पलीकडची बाई तेवढ्यात तिच्या पातीतलं काढत होती.

मालकीण धुऱ्यावर येऊन उभी राहिली. थोडा वेळ पाहत राहिली आणि तिथूनच ओरडली, "मधली पात कोणाची वो?"

बाया खाली मान घालून काम करत राहिल्या.

"हाय एकीची," कमला म्हणाली. "पाणी प्याले गेली."

मालकिणीने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. रांग सरळ होती. ती निघून गेली.