मेंढराचे दात, माणसाचं रक्त

चतुराबाई लांडग्याला कधी भ्याली नाही. बालाघाटच्या डोंगरात नुसत्या काठीनं आणि आरोळीनं तिनं तीन लांडगे परतवलेत, आणि ती गोष्ट ती अजूनही कुणी न विचारता सांगते. पण दिंद्रुडजवळच्या त्यांच्या वाडीवर पुण्याहून डॉक्टर लोक येणार, रक्त घेणार असं कळलं आणि बाई भ्याली. भाकरी गोड लागेना.

त्याला कारण तिचा लेक अंगद. तो ट्रॅक्टर चालवायचा. मेंढरांमागं फिरायला त्याला ना वेळ, ना हौस. वर्षभर एकच धोशा लावला होता, "माय, तुझं वय झालं. दिवाळीनंतर मेंढरं विकून टाकू, तू घरी बस." चतुराबाई म्हणायची, "माझं वय मलाच ठावं न्हाई, तुला कुणी सांगितलं?" आता सांगणारे मिळाले. हे डॉक्टर म्हणे रक्तावरून वय काढतात. "म्हातारी निघालीस तर मेंढरं बाजारात. मग भांडायचं न्हाई," अंगद म्हणाला, आणि रागाच्या भरात बाई "बरं" म्हणून बसली.

वय कशासाठी बघतात, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. दरसाल दिवाळीच्या तोंडावर ती एकेका मेंढीचा जबडा दाबून तोंड उघडायची. दोनदाती, चारदाती, सहादाती, मग आठही दात येऊन जुळलेली. दात झिजलेली निघाली की पाठीवर गेरूचा पट्टा, आणि पट्टा पडला की ती मेंढी व्यापाऱ्याची. चाळीस वर्षांत तिचा अंदाज चुकला नव्हता आणि हातही कधी थांबला नव्हता. वय बघायचं ते कळपातून काढायलाच. दुसरं काही कारण असेल, हे तिच्या डोक्यातच शिरेना.

श्रावणात शाळेच्या वर्गात तपासणी झाली. डॉक्टर प्रियदर्शनी म्हणजे अगदी पोरसवदा बाई, बोलायला गोड. "मावशी, माणूस आतून किती थकलाय हे ओळखायच्या काही खुणा रक्तात असतात," ती समजावत होती. "पण त्या खुणा बहुतेक गोऱ्या लोकांच्या रक्तावरून ठरवलेल्या. आपल्याला त्या लागू पडतात का, ते तपासतोय. तिकडं जपानी, चिनी, मलय लोकांना तपासतायत, तसं इथं तुम्हा धनगरांना. कोण कसं म्हातारं होतं, ते बघायचं."

एवढ्या बोलण्यातून चतुराबाईला 'म्हातारं' तेवढं ऐकू आलं.

"आन् म्हातारं निघालं तर काय करता?"

"काहीच नाही. लिहून ठेवतो."

काहीच करायचं नाही तर माणसं पुण्याहून इतक्या लांब कशाला येतील? बाईचा विश्वास बसला नाही.

मग वय विचारलं. "बहात्तरच्या दुकाळात मी परकरातच खडी फोडायला गेलते. सरकारी सुकडी खाऊन दिवस काढले," तिनं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी हिशेब करून चौसष्ट लिहिले. हाताची ताकद मोजायला एका यंत्राची मूठ दाबायला दिली, ती चतुराबाईनं अशी आवळली की सगळे हसले. पण सुई पुढं आली तशी ती मागं सरकली. "रक्त कशाला? दात बघा की माझे, दोनच पडल्यात!" शेवटी रक्त दिलं. नळीवर नंबराची लाल चिठ्ठी चिकटवली, तसलीच तिच्या कार्डावर. कार्डावरची चिठ्ठी तिनं नखानं खरवडून बघितली. गेरूचा पट्टाच तो, दुसरं काय?

एका घरातल्या दोन पिढ्या हव्या होत्या, म्हणून अंगदनंही गालात तंबाखू धरून, थट्टा करत हात पुढं केला.

पुढचे दोन महिने बाईनं कसे काढले, तिचं तिला माहीत. खोकला आला तर पदरात दाबायची. चढ आला की अंगद बघत असो-नसो, पाय उचलून चालायची. केसांना मेंदी लावली. सून संगीता म्हणाली, "आत्याबाई, कावून एवढ्या भ्यायलाव?" तर तिच्यावरच खेकसली. आणि व्यापारी आला तेव्हा चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं एकाही मेंढीचं तोंड उघडलं नाही. "पुढच्या खेपेला या," म्हणाली.

दिवाळीला आठ दिवस राहिले असताना डॉक्टरांची गाडी पुन्हा वाडीवर आली. डॉक्टर प्रत्येकाला बाजूला नेऊन सांगत होत्या. अंगद म्हणाला, "इथंच सांगा मॅडम, समद्यांसमोर. आमची पैज हाय."

"मावशी, तुमचं वय चौसष्ट. रक्तावरून शरीराचं वय येतंय पंचावन्न."

चतुराबाईनं मांडीवर थाप मारली. "ऐकलंस का रं?"

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "अंगददादा, तुमचं वय एकेचाळीस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि शरीराचं येतंय छप्पन्न."

लेक आईपेक्षा एका वर्षानं थोरला निघाला होता. "हा नुसता अंदाज आहे," डॉक्टर घाईघाईनं सांगू लागल्या, "मरणाची तारीख नव्हे. आपल्या लोकांना तो कितपत लागू पडतो, तेच अजून ठरायचंय. पण बीडला जाऊन बीपी, शुगर तपासून घ्या. तंबाखू सोडा."

गाडी गेली. अंगद मेंढरं कोंडायच्या वाघुरीच्या जाळीपाशी, आईच्या पुढ्यात उकिडवा बसला. "न्हाई विकायची मेंढरं," तो म्हणाला. "जिंकलीस तू."

हेच ऐकायला ती वर्षभर आसुसली होती. आता ऐकलं आणि काहीच वाटलं नाही. स्वतःसाठी भ्यायची तिला दोन महिन्यांत सवय झाली होती. लेकासाठी कसं भ्यायचं, हे मात्र तिला कळत नव्हतं.

अंगदनं हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. "माय, मशीनचं खरं कशावरून? तुझा अंदाज कधी चुकला न्हाई. तूच बघून सांग."

आणि त्यानं तिच्यासमोर तोंड उघडलं.

सवयीनं तिचा हात त्याच्या जबड्याकडं गेला. अंगठा हनुवटीवर टेकला. मग तिनं खालून दाबून त्याचं तोंड मिटवलं, आणि स्वतःचे डोळे गच्च मिटून ते तसंच धरून बसली.