एका गोलासाठी

लिही गं चिमणे, आणि मध्ये मध्ये हसू नकोस. तुझ्या आईची गोष्ट आहे आणि मला अजून राग येतो.

तुझी आई तेव्हा शर्टांच्या कारखान्यात शिलाईवरून चेकिंगच्या टेबलावर नवीन आलेली. शर्ट उलटा करायचा, शिवण उजेडाला धरायची, खोट दिसली की चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून शर्टाला टाचायची. नजर घारीची, पण जागा कच्ची. साहेबानं बजावलेलं, "इंग्रजी सुधारलं तर पक्की करू, नाहीतर परत मशीनवर."

एकदा एका शर्टाचं बटण सैल होतं. आपण सगळेच म्हणतो ना, बटण लूज झालं? तिनंही तेच लिहिलं, लूज बटण. झालं! साहेबानं चिठ्ठी उचलून सगळ्या हॉलसमोर वाचली. "अहो बाई, सैलवाल्या लूजला दोन ओ लागतात. तुम्ही एकच काढलात. म्हणजे काय, बटण हरवा? हरवू का सगळी?" खी खी खी! तेवढ्यावर थांबला का मेला? चिठ्ठी बोर्डावर टाचली. मग काय, जाता-येता जो तो, "काय ताई, आज काय हरवायचं?"

घरी आली ती जेवलीच नाही. म्हणाली, "आई, तोंडानं दोन्ही सारखेच येतात गं. मला कसं कळणार?"

अगं, पोर पडलं तर उचलतात, की चार लोकांना बोलावून दाखवतात? मी तर त्याला जाब विचारायला चप्पल घातली होती पायात. तिनंच दार अडवलं. "तू भांडून येशील, आणि जागा माझी जाईल."

मग बसली शिकायला. पण स्वतःचं लिहिलेलं वाचलं की सगळं बरोबरच वाटायचं. आपल्या लेकराचं नाक कुणाला नकटं दिसतं? एक दिवस वैतागून म्हणाली, "शर्टाची खोट तरी सरळ बाजूनं कुठे दिसते?" आणि वाक्य उलटं वाचायला लागली. शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या अलीकडचा. शब्द सुटा पडला की चूक डोळ्यांत खुपायची. कुठे शेवटचा एस पळालेला, कुठे अक्षरांची अदलाबदल. त्या ओचं तर मलाही पाठ झालं. हरवलं की एक गोल हरवतो. सैल झालं की आणखी एक गोल मावतो.

पक्कं करायची वेळ आली तेव्हा साहेब तिच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन, लाल पेन उघडून बसला. पेन टेकवायला जागा मिळेना. "बरं आहे," म्हणाला. "उद्यापासून पक्की." शाबास म्हणायला जीभ नाही उचलली.

तुझी आई जागची हलली नाही. "साहेब, ती बोर्डावरची चिठ्ठी."

"राहू दे की. नव्या मुलींना धडा."

"धडा हवाय ना? मग पुरा तरी लिहू द्या."

चिठ्ठी काढली, राहिलेला गोल घातला, खाली मराठीत लिहिलं, 'सैल झालं की आणखी एक गोल मावतो', आणि परत टाचली. मग नव्या पोरी तिथे उभ्या राहून शिकायला लागल्या. हसणं बंद.

सगळे म्हणतात, काय शहाणी बाई! असेल. मी असते तर ती चिठ्ठी साहेबाच्याच शर्टाला टाचली असती, पाठीवर. हेही लिही. खोडू नकोस, यात काही चूक नाही.