सगळ्यांना पुरेपर्यंत

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी आजही छाती फुगवून सांगतो. नांदेडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा भूकंप झाला. गावी पोचलो तर आमच्या गल्लीत धड उभी भिंत नव्हती.

मदतीचा पहिला ट्रक ब्लँकेटांचा आला. पुढं होते त्यांना मिळाली. मागच्यांना सांगितलं, थांबा, दुसरा ट्रक निघालाय. पण थांबतंय कोण? त्या रेटारेटीत माझ्या चुलतीचा हात मोडला. ढिगाऱ्यातून धडधाकट निघालेली बाई ब्लँकेटापायी अधू झाली. आणि दुसरा ट्रक आलाच नाही.

त्यानंतर चुलत्यांनी सांगितलं आणि गावानं मान्य केलं, की बाहेरून आलेली वस्तू सगळ्यांना पुरेल एवढी जमल्याशिवाय वाटायची नाही, खोकंसुद्धा फोडायचं नाही. भांडी आली, कंदील आले, सतरंज्या आल्या. सगळं पत्र्याच्या शेडात राहायचं आणि पुरेसं झालं की एकाच दिवशी घरोघर वाटलं जायचं. शेजारच्या गावांत मदतीवरून डोकी फुटली, आमच्यात कधी आवाज चढला नाही. पुण्याहून आलेले एक डॉक्टर तेव्हा गावात तंबू टाकून राहिले होते. त्यांना या रीतीचं फार कौतुक होतं. मलाही होतं. नांदेडच्या पोरांना मी ती रंगवून सांगायचो.

बऱ्याच वर्षांनी, भूकंपानंतर आमचं गाव वसवलं त्या नव्या वसाहतीतल्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवत होतो, तेव्हा त्याच डॉक्टरांचा फोन आला. निवृत्त झाले होते. मित्रमंडळी जमवून आमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला एक लहान लॅपटॉप द्यायचं त्यांच्या मनात होतं. मुलानं तो घरी न्यायचा, स्वतःचा म्हणून वापरायचा.

"पण शाळेच्या कपाटात ठेवायचे नाहीत हं," ते म्हणाले. "कुलूपबंद कॉम्प्युटर मी लई शाळांत पाहिलेत." आमच्याकडचा 'लई' त्यांनी अजून सोडला नव्हता.

मी हेडमास्तरांना सांगितलं. ते हसले. "सर, फळ्याला डस्टर न्हाई. पोरं बाहीनं पुसतेत. आन तुमी कॉम्प्युटर आनायलाव."

पण मला घाई होती. लातूरच्या क्लासेसनी आमची शाळा पोखरायला घेतली होती. ज्याच्या हातात चार पैसे आले तो पोराला लातूरला टाकायचा. पोरगा एकटा जात नसे. खोली करायची आणि स्वयंपाकाला आईनं सोबत जायचं, ही तिकडची पद्धतच झाली होती. मग इकडच्या घरात भाकरी कोण थापणार? मागं राहिलेली पोरगी. एकेका पोराच्या क्लासपायी एकेका पोरीची शाळा सुटताना मी बघत होतो.

आठवीत किराणा दुकानदाराची मुलगी होती. गणितात मला अडवायची. "सर, ह्ये असंच का?" म्हणून उभी राहायची आणि पटल्याशिवाय बसायची नाही. तिचा भाऊ नववीत होता आणि त्याला लातूरला पाठवायचं घरात चाललं होतं. मी दुकानात जाऊन बसलो.

"शेट, इथंच कॉम्प्युटर येणार आहेत. पोराला आणि पोरीला, दोघांनाही. मी शिकवतो."

दुकानदार साखर तोलता तोलता म्हणाला, "मास्तर, तुमच्या शब्दावर वर्सभर थांबतो. आले तर दोगं बी हितंच."

मग मी आखणीला लागलो. वीज कधी असते, चार्जिंग कुठं करायचं, पावसात कशात गुंडाळून न्यायचं, बिघडला तर कुणी बघायचं, सगळं ठरवलं. पहिल्या खेपेला आठवीपुरते लॅपटॉप आले. डॉक्टरांनी सांगितलं, हे मुलांच्या हातात पडून वापरात आले की बाकीच्या वर्गांचे पाठवतो. पैसे देणारे विचारतात, त्यांना काहीतरी दाखवावं लागतं.

खोकी शाळेत उतरली आणि त्याच संध्याकाळी चुलते चार माणसं घेऊन आले.

"फोडू नगंस, बापू."

"काका, बाकीचे येणारच आहेत."

"दुसरा ट्रक बी येनारच हुता."

"ते वेगळं होतं. हे वाटल्याशिवाय ते पुढचे देणार नाहीत."

"आन आठवीच्या लेकरानं न्हेला, मंग नववीच्या लेकराच्या बापानं काय करावं? ज्याला आठवीत लेकरूच न्हाई त्यानं?" चुलते शांतपणे बोलत होते. "आपलं ठरलंय. तू शिकलास म्हनून ठरल्यालं मोडतंय का?"

चुलती दारातच उभी होती. मोडका हात पदराखाली धरायची तिची सवय होती. मी खोकी फोडली नाहीत. फोडता आली असती असंही नाही. गाव एका बाजूला होतं. शाळेत ठेवून पाळीपाळीनं वापरू म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, मग तेच कपाट झालं की. गावाला म्हटलं, निदान चिठ्ठ्या टाका. गाव म्हणालं, नशिबावर सोडायचं तर ठरवलं कशाला?

डॉक्टर वापराची वाट बघत राहिले, गाव पुढच्या खेपेची. दोघंही मला रोज पटत होते. असा कोंडमारा मी जन्मात दुसरा अनुभवला नाही.

दुकानदाराची मुलगी मधल्या सुट्टीत विचारायची, "सर, कवा?"

"थोडं थांब."

"म्हाताऱ्या झाल्यावर देनार का? मंग चष्मा बी द्या सोबत."

पोरी खिदळायच्या. मीही हसायचो. हिवाळ्यापर्यंत तिनं विचारणं सोडलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला डॉक्टर स्वतः आले. खोक्यांवरच्या चिकटपट्ट्या जशाच्या तशा होत्या. ते रागावले नाहीत, हे जास्त लागलं. चुलत्यांशेजारी बसले आणि म्हणाले, "काका, तुमच्या गावाची ही रीत मी किती जणांना सांगितली असेल. आता कुणाला काय सांगू?" चुलत्यांनी त्यांना चहा पाजला. खोकी टेम्पोत चढवायला सगळं गाव आलं. एकानंही हात आखडला नाही. ती किनवटकडच्या एका आश्रमशाळेला गेली.

टेम्पो वळल्यावर चुलते म्हणाले, "जाऊ दे. कुनाचं भांडन तर झालं न्हाई." त्यांना खरंच समाधान वाटत होतं. मला त्यांच्यावर चिडताही आलं नाही.

जूनमध्ये दुकानदार पोराचा दाखला न्यायला आला. बायको लातूरला खोलीवर गेलीसुद्धा होती.

"मास्तर, बोललो तसं वर्सभर थांबलो," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. "पोरीचं नाव राहू द्या शाळंत. परीक्षेपुरती येत जाईल. घरात म्हातारा हाय, मी हाय, दोन टायमाचं कुनीतरी बघाय लागतंय."

मी त्याला म्हणणार होतो, ती पोरगी तुमच्या पोरापेक्षा हुशार आहे. म्हणालो नाही. त्याला ते माहीत होतं, आणि थांबा म्हणायला माझ्याजवळ दुसरं वर्ष नव्हतं. हेडमास्तरांनी दाखल्यावर सही केली आणि शिक्का मारायला तो माझ्याकडे सरकवला.