ओवाळणीतला स्टोव्ह

माझे बाबा स्टोव्ह फोडायचे. सरकारी पगारावर.

आज त्यांचा स्मृतिदिन. हे कधी लिहिलं नव्हतं.

पन्नासच्या दशकात वस्तूंवर दर्जाचा शिक्का नुकताच आला होता. बाबा तपासनीस. रॉकेलच्या स्टोव्हच्या टाकीत हवा भरत राहायचे, सांधा सुटला की फेल. मुलुंडच्या आमच्या चाळीत त्यांचं नाव ‘नापास मास्तर’!

मामाचा घाटकोपरला स्टोव्हचा छोटा कारखाना. भाऊबीजेला त्याने आईच्या ताटात नवाकोरा पितळी स्टोव्ह ठेवला.

“ताई, शेगडी फुंकणं बंद आता. ऐश कर!”

काय खूश झाली होती आई.

बाबांनी टाकीवरून बोट फिरवलं. “टेस्ट केल्याशिवाय पेटवायचा नाही.”

“अहो, ओवाळणी आहे ती!”

“ते टाकीला माहितीये का?”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात टाकी फुटली. सांधा कच्चा. मामाने शिक्क्यासाठी अर्ज केलेलाच होता. नात्याचा मामला नको म्हणून बाबांनी त्याचा बाकीचा माल दुसऱ्याकडून तपासून घेतला. तोही फेल.

मामा दारातूनच ओरडला, “भाऊजी, बहिणीची ओवाळणी फोडलीत! माझी पार वाट लावलीत!”

येणंजाणं बंद.

पण शिक्का घ्यायलाच हवा असा कायदा नव्हता. मामा बिनशिक्क्याचेच स्टोव्ह विकत राहिला. स्वस्त होते, भराभर खपले.

बाबा दिसेल त्याला सांगायचे, “तो घेऊ नका रे.” लोक हसायचे. शिक्क्यावर काय भात शिजतो?

मामाच्या स्वतःच्या घरी तसलाच एक होता. एका सकाळी चहा ठेवताना तो फुटला.

मामी वाचली नाही.

स्मशानातून बाबा आले, तेव्हा आई ओरडली नाही. फक्त विचारलं,

“तुम्हाला माहीत होतं ना?”

“हो.”

“मग कारखाना चालू कसा राहिला?”

“मला नापास करता येतं गं. बंद नाही करता येत.”

“मग काय चाटायचाय तुमचा शिक्का?”

रिटायर होईपर्यंत बाबा वरच्यांना लिहीत राहिले, नुसता शिक्का पुरत नाही, विक्रीवर बंदी हवी. मला अजून राग येतो. त्या वरच्यांचा.

मामीच्या तेराव्याला आम्ही घाटकोपरला गेलो. बाबा खाली रस्त्यावरच थांबले.

‘वर या’ असं कोणी म्हटलं नाही. आईनेही नाही.

बाबा, तुमचं बरोबर होतं. आई हे शेवटपर्यंत म्हणाली नाही, म्हणून आज मी म्हणते.

तुमच्या लेकीचा नमस्कार.